पावण्यानं सांगितलेला शब्द

दत्त महाराजांशी मी अबोला धरला होता. देवाशी अबोला धरता येतो का, असं कुणी विचारेल. ज्याला देवाकडं कधी जीव तोडून काही मागावं लागलं नाही, त्यालाच हा प्रश्न पडतो. माझं माहेर शिरोळकडचं. नरसोबाची वाडी आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. लहानपणी वडिलांच्या मागं कॅरिअरवर बसून जायचं, पादुकांपुढं डोकं टेकायचं, घाटावर पाय बुडवून बसायचं आणि येताना कवठाची बर्फी खायची. त्या वयात मी महाराजांकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. बर्फी वडीलच घेऊन द्यायचे. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि मग मात्र वाडीला जाणं मागण्यासाठीच होऊन बसलं. मूल हवं होतं, दुसरं काही नाही.

किती वर्षं मागितलं हे सांगत बसत नाही. दोघांचे रिपोर्ट चांगले, डॉक्टर चांगले, सासरची माणसं चांगली, सगळं चांगलं, आणि तरी घर रिकामं. कुठल्या बारशाला गेलं की चार बायका माझ्या पोटाकडं बघून "काही विशेष?" म्हणून विचारणार, आणि मी साडीच्या किमतीवर बोलणं नेणार. एकदा विशेष झालं. मी गुरुवारी वाडीला जाऊन पेढे ठेवून आले, आणि पुढच्या महिन्यात ते गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी देव्हाऱ्यातल्या फोटोला एवढंच म्हणाले की, द्यायचं नव्हतं तर दाखवलंत कशाला? त्यानंतर मी वाडीला गेले नाही. दिवा रोज लावायची, पण नजर वर न करता. घरात रुसून बसलेलं माणूस ताटावर येतं पण बोलत नाही, तसं आमचं चाललं होतं.

अशा दिवसांत आमच्या गल्लीत एक प्रकार झाला. शेजारच्या घरातल्या रांगत्या पोरानं मोरीतली कोल्ड्रिंकची बाटली तोंडाला लावली. बाटलीत फिनेल होतं. पोर वाचलं, पण गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. तालमीच्या पोरांनी गणपतीच्या वर्गणीला फिरावं तसं घरोघर फिरून सगळ्यांना एका रविवारी तालमीच्या हॉलमध्ये बोलावलं. आरोग्य केंद्रातली एक सिस्टर आली आणि पोलीस ठाण्यातून एक मॅडम आल्या. सिस्टरनं घरातलं सांगितलं: औषधं कुठं ठेवायची, फिनेल आणि रॉकेल खायच्या प्यायच्या बाटलीत का भरायचं नाही, अंघोळीचं कढत पाणी उतरवताना पोर कुठं असलं पाहिजे. मॅडमनी रस्त्याचं सांगितलं. आमची गल्ली शहराच्या कडेला, आणि शाळा कारखान्याकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. हंगामात त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत जातात, गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही, आणि आमची पोरं ऊस उपसायला ट्रॉलीमागं पळतात. मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"पोरास्नी नुसतं अनोळखी माणसाबरोबर जायचं न्हाय म्हणून सांगू नका," त्या म्हणाल्या. "अनोळखी म्हंजे कोण, हे त्यास्नी कळतंय का ते आधी बघा." सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहा आला.

मॅडमनी दोन गोष्टी सुचवल्या. शाळेत जाणाऱ्या लहान पोरांना एका मोठ्या माणसानं एका दोरीनं न्यायचं, दोरीला गाठी मारायच्या आणि एकेका पोरानं एकेक गाठ धरायची. आणि दुसरं म्हणजे गल्लीनं एक परवलीचा शब्द ठरवायचा. घरचं सोडून दुसरं कुणी न्यायला आलं तर पोरानं शब्द विचारायचा, सांगता आला नाही तर जायचं नाही. आता दोरी धरणार कोण, तर सगळ्या घरांत कामाला जाणाऱ्या बायका. मग तालमीच्या अध्यक्षांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या वैनी हायत की. पोरंबाळं न्हाईत, मोकळ्याच असत्यात."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मोकळी हा शब्द माझ्या काळजात रुतला. बाळंत झालेल्या बाईला आमच्याकडं मोकळी झाली म्हणतात. मी न अडकताच मोकळी. हॉलमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी बरं म्हणाले. शब्दही मीच ठरवावा असं निघालं. कुणाच्या सहज तोंडात येणार नाही असा शब्द हवा होता. मिसळ, रंकाळा, अंबाबाई हे तर कुणीही म्हणेल. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "कवठाची बर्फी." पोरं खिदळली, मॅडमनाही आवडलं. मी मात्र चपापले. जिथं जायचं नाही म्हणून मी ठरवलं होतं, तिथलाच खाऊ माझ्या जिभेवर बसला होता.

तेव्हापासून सकाळ संध्याकाळ मी दोरी धरायला लागले. सकाळचं मला काही वाटायचं नाही, सकाळी घाई असते. संध्याकाळी मात्र जीव हलायचा. पोरं दमलेली असायची, हात घामानं चिकट, एकाची चप्पल तुटलेली, एकीच्या डब्यातला रस्सा दप्तरात सांडलेला, आणि प्रत्येकाला आपलं आपलं मलाच सांगायचं असायचं. गल्लीत शिरलं की पहिल्या दारात एक आई उभी, तिचं पोर गाठ सोडून पळायचं. मग दुसऱ्या दारात दुसरी. पोरं मागं वळून बघायची नाहीत, आणि का बघावं त्यांनी? एकेक घर मागं पडायचं तशी माझ्या हातातली दोरी हलकी होत जायची आणि शेवटी ती गुंडाळत मी माझ्या घरी यायची. आमचे हे कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला. घरात फ्रिजचा आवाज. त्या वेळेला मला जे व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. ज्याच्याशी बोलत नव्हते त्याला तेवढं ठाऊक असावं.

शेवटची गाठ तन्वीची असायची, कारण तिचं घर आमच्या घराला लागून. पहिलीत होती. आई कापडाच्या दुकानात, वडील गाडीवर, त्यामुळं तिला घ्यायला दारात उभा असायचा तो तिचा आज्जा. या आज्जांचं एकच काम: कट्ट्यावर बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हाक मारायची. मीटर बघायला आलेला असो, कुरिअरवाला असो की पत्ता चुकलेला कुणी. "या पावणं, बसा की. च्या घ्या." आमच्या कोल्हापुरात परक्या माणसाला पावणं म्हणायची रीतच आहे, त्यात आम्हाला काही वेगळं वाटत नाही. घरी सोयरे आले तरी पावणंच आणि एसटीत शेजारी बसला तोही पावणंच. मोठ्या माणसाला यातला फरक न सांगता कळतो. तन्वीनं मला एकदा वाटेत विचारलंही होतं, "मावशी, आमच्यात लई पावणं येत्यात, तुमच्यात का येत न्हाईत?" मी हसण्यावारी नेलं. तिच्या जगात अनोळखी असा माणूसच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

तो गुरुवार होता. शाळा सुटून आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन थांबलो होतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि ऐन चौकात मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली आडवी झाली, कानठळ्या बसाव्यात असा आवाज झाला आणि सगळा ऊस रस्त्यावर ओतला गेला. कुणाला लागलं नाही, पण क्षणात गाड्यांची कोंडी, हॉर्न, धूळ, ऊस उचलायला धावलेली माणसं आणि त्यांना शिव्या देणारा ड्रायव्हर. मी पोरांना ओढत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर चढवलं आणि एकेकाचं नाव घ्यायला लागले. दोरीची शेवटची गाठ जमिनीवर लोळत होती.

तन्वी नव्हती. दुकानदाराच्या बायकोला पोरांपाशी उभी करून मी उसात शिरले. नाव घेऊन ओरडले, हॉर्नमध्ये माझा मलाच आवाज ऐकू येईना. ट्रॉलीखाली वाकून बघितलं. वाकायच्या आधी जे मनात आलं ते कागदावर लिहायची माझी तयारी नाही. खाली फक्त ऊस होता. पलीकडं गेले, अलीकडं आले, ज्याला त्याला विचारलं, निळा फ्रॉक, दोन वेण्या, बघितली का? कुणी बघितली नव्हती. आणि मग त्या रस्त्याच्या मधोमध, पायाखाली ऊस, अंगाला धूळ, मी इतक्या दिवसांचा अबोला सोडला. हात जोडायचंही सुचलं नाही. मी म्हणाले, महाराज, ही पोर द्या. एवढी एक द्या, मी तुमच्याकडं माझ्यासाठी पुन्हा मूल मागणार नाही. कधीच मागणार नाही. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, मला माहीत नाही. एक मोटरसायकलवाला माझ्याकडं बघत होता, त्यावरून मोठ्यानंच बोलले असेन.

फोन वाजत होता तो कितव्यांदा वाजत होता कोण जाणे. आज्जांचा होता. "तन्वी घरला आलीया," ते म्हणाले. "पावण्यानं आणून सोडली. तुम्ही कुटं हायसा?"

"कुठल्या पावण्यानं?" मी ओरडले.

"ते काय म्हायत न्हाय. पावणं म्हंजे पावणं. च्या घ्यायला लागल्यात."

मी मटकन उसावरच बसले. मग उठले, राहिलेल्या पोरांना दोरीला लावलं, थांबलेल्या गाड्यांमधून रस्ता ओलांडून गल्लीत आणलं आणि ज्याच्या त्याच्या दारात सोडलं. आज्जांच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, कपाळाला गंध, मांडीवर कापडी पिशवी, हातात बशी. आणि त्यांच्या शेजारी पाय हलवत तन्वी. मी तिला उचललं आणि इतकी आवळली की ती म्हणाली, मावशी, दुखतंय. तेव्हा कुठं मी सोडली. मग मी त्या माणसाकडं वळले. खरं सांगते, आभार मानायच्या आधी मला रागच आला होता. विचारलं, तुम्ही कोण, ही तुमच्याबरोबर आलीच कशी?

ते शांतपणानं सांगायला लागले. दवाखान्यात लेक बाळंत झाली होती, तिला भेटायला निघाले होते. कोंडीत रिक्षा अडकली म्हणून उतरून चहाच्या गाड्यापाशी थांबले. तेवढ्यात ही पोर घाबरून भलत्याच दिशेला पळत रस्त्यात आली. चहावाला ओरडला, "पावणं, पोरगी धरा की!" त्यांनी हात पुढं करून तिला ओढून घेतली. मागनं मोटार गेली.

"घर कुटं म्हणून इचारलं, तर माझ्याकडं बघून म्हणती, तुमी पावणं का? म्हटलं, व्हय, पावणाच हाय. तर म्हणाली, मग शब्द सांगा." त्यांनी बशी खाली ठेवली. "मला वाटलं शाळंतलं काय तरी इचारतीया. अ आ इ म्हणून दाखवलं, तर न्हाय म्हणाली. बोटं मोजून दाखवली, न्हाय म्हणाली. आणि रडायलाच लागली. आता लेकराला गप करायचं म्हंजे काय करणार? सकाळी वाडीला गेलतो, पिशवी उघडली आणि म्हटलं, बाळ, कवठाची बर्फी हाय, खातीस काय? तर डोळं पुसून म्हणाली, बरोबर! चला. आणि बोट धरून मलाच घेऊन आली की हितवर. पर बर्फी खाल्ली न्हाय बघा. घरात इचारून खाणार म्हणाली."

तन्वीनं मान डोलावली. परक्याचा खाऊ घ्यायचा नाही, हा नियम तिनं पाळला होता. शब्द विचारायचा हाही पाळला होता. आणि आज्जाच्या घरी येतात ते सगळे पावणं, म्हणजे आपलेच, हे तर तिला जन्मापासून पाठ होतं. यात तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. पण बर्फीचं आमिष दाखवणारा माणूस म्हणजे काय, हे मॅडमनी आम्हाला चांगलं समजावलं होतं. त्याच शब्दावर, त्याच खाऊवर आमची पोर चालत गेली होती, आणि सुखरूप घरी आली होती. म्हाताऱ्यांनी पिशवीतून पुडा काढला, एक वडी आज्जांना दिली, एक तन्वीला, एक माझ्या हातावर ठेवली. "लेकीला न्यायचा परसाद हाय, पर तुमी बी घ्या. नातू झालाय मला," असं म्हणाले. वडी तोंडात घातली, तीच आंबटगोड चव, आणि मी उभ्या उभ्या रडले. त्यांना वाटलं मी पोरीसाठी रडते. रिक्षा आली, ते चढून गेले. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वाडीहून येणारा माणूस बर्फीच आणणार की. चपला आणणार हाय व्हय?" बरोबर आहे त्यांचं, मी वाद घातला नाही. मॅडमना कळवलं तर त्यांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये बसवून झाडलं. शब्द त्याच दिवशी बदलला, आणि तो आता खाण्याचा नाही. प्रत्येक घरानं पोराला आपली माणसं कोण ते दाखवून, नावं घेऊन शिकवलं. पावणं म्हटलं म्हणून ओळखीचा होत नाही, हे पोरांना पाठ करायला लावलं, आणि गंमत अशी की सगळ्यांत जड गेलं ते तन्वीच्या आज्जांना. दोरीच्या मागच्या टोकाला आता तालमीचा एक मोठा माणूस असतो. महाराजांनी एकदा निभावून नेलं म्हणून रोज त्यांच्या जिवावर पोरांना रस्त्यात सोडायचं नसतं, एवढं मला कळतं.

पण त्या संध्याकाळी भाकरी थापताना मला आठवलं की मी काय बोलून बसले आहे. पुन्हा मागणार नाही. रस्त्यात ते बोलणं सोपं गेलं होतं, तेव्हा मी काहीही दिलं असतं. आता तव्यापुढं त्याचं वजन कळायला लागलं. इतकी वर्षं मी त्या एका मागण्याला धरून होते. अबोला धरला तोसुद्धा त्याच्यासाठीच. ते गेल्यावर माझ्याजवळ काय राहिलं, मला समजेना. शब्द फिरवायचा विचार एकदा मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पण भिंतीपलीकडून तन्वी मोठ्यानं पाढे म्हणत होती. मी भाकरी उलटली.

पुढच्या गुरुवारी मी वाडीला गेले. तन्वी आणि आज्जा बरोबर आले. कृष्णेचं पाणी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर होतं, गर्दी बेताची होती. पादुकांसमोर उभी राहिले आणि सवयीनं ओठ हलायला लागले, मी ते मिटून घेतले. मागायचं नाही म्हटल्यावर इथं उभं राहून करायचं काय, हेच मला येईना. मग नुसती बघत राहिले. हार, पाणी, दिव्याची वात, पुजाऱ्यांचे हात. मूल हवं होतं ते अजून तितकंच हवं होतं. ओढ काही कमी झाली नव्हती. फक्त ती आता मी त्यांच्यापुढं मांडत नव्हते, ती माझ्यात होती आणि ते बघत होते. माझा अबोला कधीच सुटला होता, पण मला वाटतं त्या दिवशी त्यांच्याजवळ मी पहिल्यांदाच गप्प बसले. तेही बरं वाटलं.

दर्शन झाल्यावर आज्जा झाडाखाली टेकले, तिथंही दोघा तिघांना पावणं म्हणून जमवलं. तन्वी आणि मी घाटावर पाय बुडवून बसलो. मी तिचा हात धरून ठेवला होता, पाण्याजवळ मी आता कुणाचाच सोडत नाही.

"मावशी, तू देवाकडं काय मागितलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "म्हणून मीच मागितलं."

"काय गं?"

"तुला एक बाळ दे म्हणून. मोठ्यानं न्हाय, मनातच मागितलं."

असं मागू नको, मी देवाला शब्द दिलाय, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शब्द मी दिला होता, माझ्यापुरता. तिनं कुठं दिला होता? पाण्यात माझे पाय होते, शेजारी तिचे. द्यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील, त्यात आता माझं काही नाही. इतकी वर्षं या पायऱ्यांवर मी एकटी येऊन माझ्यासाठी मागत होते, आणि मला कुणीच नाही म्हणून रडत होते. आज माझ्यासाठी मागणारं कुणीतरी माझ्याजवळ बसलं होतं. ते त्यांनी मला कधी देऊन टाकलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.